ओनोरीनने न मारलेली हाक

“हाक मारली की माणूस उठतोच, म्हणून मारण्याआधी त्याला परत निजवता येईल का, तेवढं बघावं,” असं ओनोरीन पारे एकदा म्हणाली होती.

माझ्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ती शेंगा सोलत होती. मी हसलो. ती सामो जमातीची, मी मोसी. आमच्यात सरळ काही बोलायची रीतच नाही. सामोंनी आम्हाला गाढवखाऊ म्हणायचं, आम्ही त्यांना कुत्र्याच्या मुंडक्यावरून भांडणारे म्हणायचं, आणि दोघांनीही एकमेकांची ‘माझा गुलाम’ म्हणून ओळख करून द्यायची. यात जो रागावला तो हरला. पणजोबांच्याही आधीपासून चालत आलेली ही चेष्टा लग्नात चालते, बाजारात चालते, आणि सगळ्यात जास्त मयताच्या अंगणात चालते. त्यामुळे तिचं ते वाक्य मी चेष्टेच्या खात्यात टाकलं आणि कामाला लागलो.

आता तिच्या आवाजातली डीव्हीडी वागादुगूच्या प्रत्येक मोहल्ल्यात पोचली आहे. नोबिला तापसोबाचे पहिले तीन लघुपट, घरी बघण्यासाठी. वर त्याचा टोपीतला फोटो. जगभर गाजलेल्या त्याच्या मोठ्या चित्रपटांपेक्षा लोक हीच जास्त नेतात, कारण यात आपलंच अंगण आहे, आपलाच तलाव आहे, आणि आपल्याच कुणाचा तरी मेलेला काका मागून जाताना दिसतो. पण दापोया मोहल्ल्यातला दुकानदार मला दर आठवड्याला तेच सांगतो. लोक तबकडी परत आणतात. म्हणतात, तिसऱ्या फिल्मच्या शेवटी आवाज जातो. बाई बोलता बोलता गप्प होते आणि मग नुसती खरखर येते, जमिनीवर काहीतरी ओढल्यासारखी. दुकानदार दुसरी तबकडी देतो. त्यातही तेच असतं.

ती खरखर मला काढता आली असती. मी काढली नाही.

चाळीस वर्षांपूर्वी नोबिलाकडे आवाज नव्हता. एक किल्लीचा कॅमेरा होता. किल्ली पिळली की अर्धा मिनिट चालायचा, मग दम तोडायचा. आवाजासाठी लागणारं यंत्र परदेशात होतं आणि नोबिला इथे होता. म्हणून त्याने तीन मुक्या फिल्म केल्या. पहिली एका हरवलेल्या बोकडाची, दुसरी तलावावरून मडकी नेणाऱ्या दोन सवतींची. तिसरी एका मेलेल्या माणसाची, ज्याला त्याच्या घरचे लोक चटईवर ठेवून वाट बघत आहेत. कशाची, ते फिल्ममध्ये कुठे सांगितलेलं नाही.

त्या चटईवर झोपायला कुणी तयार होईना. ठरलेला नट सकाळी आला, चटई बघितली, पांढरं कापड बघितलं, आणि आईला बरं नाही म्हणून गावी गेला. दुसरा म्हणाला, मी खुनी होतो, चोर होतो, गाढव हो म्हणालात तर गाढवही होतो, पण हे नाही. मातीला एकदा आपलं माप कळलं की ती विसरत नाही. शेवटी नोबिलाने कॅमेरा मित्राच्या हातात दिला आणि स्वतः झोपला.

तो झोपल्या झोपल्या मनात आकडे मोजत होता. किल्ली संपली असेल असं वाटलं तेव्हा उठून बसला. पण किल्लीत चार श्वास शिल्लक होते. त्यामुळे पडद्यावर मेलेला माणूस उठून बसतो, डोळ्यांवर ऊन आल्यासारखा पापण्या मिटतो आणि सरळ आपल्याकडे बघतो. कोवळा, धुळीने भरलेला, थोडा खजील. पुन्हा घ्यायला फिल्म उरली नव्हती. चूक तशीच राहिली.

पहिल्यांदा ती तिसरी फिल्म दाखवली तेव्हा हरमातान वाऱ्याचे दिवस होते. धुळीमुळे संध्याकाळ दुपारीच सुरू झाली होती आणि संपत नव्हती. दोन झाडांमध्ये चादर बांधली होती. ती वाऱ्याने फुगायची आणि पडद्यावरची माणसं गरोदर झाल्यासारखी दिसायची. अंगणात दोनशे मोसी बसले होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. आवाजाशिवाय चालणारी माणसं बघून लोकांना झोपेत चालणाऱ्यांची आठवण झाली. चटईवरचा देह दिसला तशी म्हातारी माणसं उठायला लागली. दारूशिवाय, रडण्याशिवाय, असं उघडं मरण बघायचं नसतं.

कडेला एक तरुण बाई टोमॅटोच्या डब्याने मापून भाजलेल्या शेंगा विकत होती. गवंड्याची बायको, पोटाशी पहिलं पोर. सामो. तिला मेलेला मोसी दिसला आणि मेलेला मोसी दिसला की सामो बाईचं तोंड आपोआप सुटतं, त्याला ती तरी काय करणार.

“अगं बाई, बघा तर! मोसी मेला आणि चटई पण स्वतःची नाही!” ती ओरडली. “माझी चटई आहे ती, गुलामा! फुकट झोपतोस होय? ऊठ! ऊठ म्हणते ना! गाढव शिजलंय, शेपटी तुझ्यासाठी ठेवलीय, ऊठ!”

आणि तो उठला.

अंगण फुटलं. लोक एकमेकांवर पडले. उठून चाललेले म्हातारे परत बसले, एकाच्या तर हसून हसून नाकातून बाजरीचं झूमकूम आलं. नोबिला गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर उभा राहिला.

“शेंगावाली, तू कोण?”

“तुझी मालकीण.”

“उद्या गुंगीन मोहल्ल्यात दाखवणार आहे. येशील?”

“शेंगा कोण उचलणार?”

“मी.”

“मग येते. एक गुलाम मिळाला तर सोडू कशाला?”

तेव्हापासून त्या तीन फिल्मना आवाज होता आणि तो आवाज शेंगा विकत यायचा. पडद्याच्या डावीकडे स्टूलवर बसून ओनोरीन बोकड व्हायची, दोन्ही सवती व्हायची, तलाव व्हायची. दरवेळी वेगळं बोलायची. त्या वर्षी पाऊस नसला तर सवती पावसावर बोलायच्या, मुख्याधिकारी बदलला असला तर बोकडाला त्याचं नाव मिळायचं. फक्त तिसऱ्या फिल्मचा शेवट बदलायचा नाही. तिने ‘ऊठ’ म्हणायचं, नोबिलाने उठायचं. पुढे तो मोठा झाला, त्याच्या फिल्म बोलायला लागल्या, विमानाने जायला लागल्या. पण घरी आला की एक चादर बांधायचा आणि तिला निरोप धाडायचा. त्याचे केस पिकले, डावा पाय जड झाला, तो ओढत चालायला लागला. पडद्यावरचा मात्र तसाच कोवळा उठायचा.

“खरंच मेलो की ये,” तो एकदा तिला म्हणाला होता. “वाट अडव. शिव्या दे. तुझ्याशिवाय मला जायला जमायचं नाही.”

“टोपी घालून येईन तुझी. पाय ओढत तुझ्यासारखी चालून दाखवीन, तुझ्या बायकोला कळणार नाही नवरा कोणता ते. मग जा.”

आमच्यात मयताला हे लागतं. कुणीतरी त्याचे कपडे घालून त्याच्यासारखं चालून दाखवायचं असतं, थट्टेच्या नात्यातल्याने वाट अडवायची असते, दोन मुठी शेंगा नाहीतर कोलाचं फळ घेऊन मगच सोडायचं असतं. लोक हसतात. त्या हसण्यातून तो निघून जातो. कुणी हसलंच नाही तर तो दारात अडकून राहतो, असं म्हणतात. मी अडकलेलं कुणी पाहिलेलं नाही. पण काही घरांत दार लावताना उगाच जोर लावावा लागतो.

नोबिला गेला तो मोठ्या इतमामाने. गाड्या, गणवेश, भाषणं. ओनोरीन टोपी घालून, डावा पाय ओढत दफनभूमीच्या फाटकाशी आली. फाटकावरच्या पोरांना ती म्हातारी कोण ते माहीत नव्हतं. त्यांच्या यादीत ती नव्हती. एकाने तिला हळूच बाजूला केलं, पाणी दिलं आणि सावलीत बसवलं. ती मोठी सभ्य पोरं होती. आत नोबिलाला पुरलं, कुणी हसलं नाही, कुणी शिवी दिली नाही. संध्याकाळी ती टोपी काखेत धरून चालत घरी आली. नीट चालत.

दोन वर्षांनी त्याची मुलगी तालातो माझ्याकडे आली. तिन्ही फिल्म धुऊन-पुसून लखलखीत केल्या होत्या. घरी बघण्याच्या तबकडीसाठी तिला ओनोरीनचा आवाज हवा होता.

ओनोरीन आली. हातात शेंगांची टोपली, टोपलीत कापडाखाली काहीतरी.

“हीच का तुझी खोली, गाढवखाऊ?” ती मला म्हणाली. “भिंतीला गाद्या लावल्यास. आडवं व्हायचं तर भिंतीलाही टेकून झोपता का रे तुम्ही मोसी?”

“बाहेर भुंकणारी कुत्री आत ऐकू येऊ नयेत म्हणून लावल्यात, याबा. सामोंना भूक लागते आवाजाने.” आजीला आम्ही याबाच म्हणतो.

“जिंकलास,” ती म्हणाली आणि माझ्या हातावर शेंगा ठेवल्या.

बोकडाची फिल्म एका दमात झाली. सवतींची झाली तेव्हा तालातो डोळे पुसून हसत होती. मग तिसरी लावण्याआधी ओनोरीनने हात वर केला.

“पोरी, ही राहू दे. नाहीतर तो उठतो त्याच्या आधी काप.”

“याबा, लोक त्याच्यासाठीच तर घेणार.”

“लोकांचं मला सांगू नको. मी उठवायची तेव्हा तुझा बाप माझ्या शेजारी उभा असायचा, शेंगा खात. उठवला तो पडद्यावरचा, घरी जाऊन निजायला खरा जिवंत होता. आता कुणाला उठवू? आणि ही घरातली वस्तू. कुणी जेवताना लावील, कुणी भांडण झालं म्हणून लावील, कुणी लावून झोपून जाईल. घराघरातून मी ओरडत राहणार, ऊठ, ऊठ. मी मेले तरी ओरडणार. तो झोपणार कधी? आधीच त्याला कुणी नीट घालवला नाही.”

पंखा फिरत होता. खिडकीच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ उभी होती, पडायचं विसरल्यासारखी.

“तो बाहेरच असायचा,” तालातो म्हणाली. “घरात फोटो आहेत, त्यात तो नेहमी दुसरीकडे बघतो. तेवढी एकच जागा आहे याबा, जिथे तो माझ्याकडे बघतो. तू हाक मारल्यावर. मी लहान असताना मला वाटायचं, तू मारली नाहीस तर तो उठणारच नाही. ते कापायला सांगू नकोस.”

ओनोरीनने तिच्याकडे बघितलं. मग टोपलीवरचं कापड सारखं केलं.

“लाव,” ती मला म्हणाली.

मी लावली. अंगण आलं, धूळ आली, वाट बघणारी माणसं आली. ती तरुणपणी बोलायची तसं बोलली, त्याहून चांगलं. रडणाऱ्या बायकांची चेष्टा केली, खड्डा खणणाऱ्याला फावडं धरायला शिकवलं. चटई आली. नोबिला पांढऱ्या कापडात पडला होता, नाकावर एक माशी.

“बघा तर,” तिचा आवाज खाली आला. “मोसी मेला आणि चटई पण स्वतःची नाही. माझी आहे ती, गुलामा. चाळीस वर्षं वापरलीस.”

ती थांबली. मी काचेतून बघत होतो. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आलेला दिसत होता. तालातो खुर्चीच्या कडेवर पुढे सरकली होती.

ओनोरीनने तोंड मिटलं. टोपलीतलं कापड बाजूला केलं, आतून ती टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली, किंचित डावीकडे, तो ठेवायचा तशी. एक मूठ शेंगा स्वतःच उचलल्या आणि ओच्यात बांधल्या. स्टूलवरून उठली.

पडद्यावर तो आपला आपण उठून बसला. त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि बघितलं.

ती तोपर्यंत दाराकडे निघाली होती. खांदे मागे, मान थोडी पुढे, डावी चप्पल फरशीवरून ओढत, एक पाऊल आणि एक खरखर, एक पाऊल आणि एक खरखर. तालातोने बापाच्या चेहऱ्यावरून डोळे काढले आणि गर्रकन मागे वळली, घरात कुणी आल्यावर वळतात तशी. मग तिला हसू फुटलं. दोन्ही हात तोंडावर दाबून ती हसत राहिली, हसता हसता तिचा श्वास सुटला आणि तिने दाराच्या वाटेत आलेली आपली खुर्ची बाजूला ओढून वाट मोकळी केली.

ओनोरीन बाहेर गेली.