वशिंड नसलेली गाय

काल पोरानं काळी-पांढरी गाय आणून माझ्या दावणीला बांधली. तिच्या पाठीवर वशिंडच न्हाई! पाहून डोकं फिरलं, अन् वीसेक वर्षांमागची एक संध्याकाळ आठवली.

पहिलीपासून इंग्रजी नुकतंच सुरू झालं होतं. शाळेच्या बाईंनी माझ्या नातीला, कुसुमला, चित्रांचं पुस्तक एका दिवसापुरतं घरी दिलं होतं. नव्या कागदाचा वास घेत तिनं एका चित्रावर बोट ठेवलं. "आबा, इंग्रजीत गाईला काऊ म्हणतात."

"ही गाय व्हय? वशिंड कुठंय हिला?"

"बाई म्हणल्या, गायच हाय."

"तुझ्या बाईनं कधी शेण काढलं का?"

जन्म वशिंडवाल्या लाल कंधारी गाईंत गेला माझा. चुलीतला कोळसा घेतला अन् चित्रावर बराबर वशिंड काढून दिलं. कुसुम रडायला लागली, तर मला तिचाच राग आला.

बाईंनी तिला पुन्हा पुस्तक घरी दिलं न्हाई. वर्षभर लेकरू वर्गात दुसऱ्यांच्या खांद्यावरून चित्रं पाहत राहिलं. चुकीचं शिकण्यापेक्षा बरं, असं मी म्हणायचो.

आज कुसुम माहेरी आली ती दावणीपाशीच थांबली.

"आबा, ही गाय हाय का?"

मी तोंड फिरवलं. ती घरात गेली, चुलीतला कोळसा घेऊन आली अन् माझ्या हातावर ठेवला.