साहेबांना चहा आवडला

मंडळी, आत्ताच साताऱ्याहून उंब्रजला परत आले. बोलायचंही त्राण नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझं फ्रँचायझीचं चहाचं दुकान आहे. कंपनीनं हायवेच्या पलीकडं त्याच नावाचं दुसरं दुकान दिलं आणि माझं निम्मं गिऱ्हाईक तिकडं गेलं. असे आम्ही बरेचजण आहोत. म्हणून आज आमची संघटना आमदारसाहेबांना भेटली. मागणी एकच, एकाच नावाची दोन दुकानं जवळजवळ देता येणार नाहीत असा कायदा करा.

अर्धा दिवस बाहेर बसलो. आत गेल्यावर आधी शाल, नारळ, फोटो. मग सोबत नेलेला आमचाच चहा साहेबांना दिला.

घोट घेऊन साहेब म्हणाले, "लय भारी हाय की! आमच्या मेव्हण्याला उंब्रजला असंच दुकान काढून द्यायचंय. काय करावं लागतं?"

चौकशी करणाऱ्याला नीट माहिती द्या, हे कंपनीनं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय. आमचे अध्यक्ष बापूराव खुर्ची पुढं ओढून सुरूच झाले, "आवं साहेब, लय सोपं हाय!"

मी मागून खाकरत राहिले. वेळ संपली.

ग्रुपवर फोटो आलाय, 'सकारात्मक चर्चा'. त्यात मीही हसतेय.

आता तुम्हीच सांगा, पुढची शाल साहेबांना घालायची की मेव्हण्याला?