नवसाची धाव

मिरजेच्या स्टेशनावर मला पोचवायला सगळी गल्ली आली होती. आई खिडकीच्या गजांतून बजावत होती, "इंजिनाकडे तोंड करून बसू नकोस, डोळ्यांत कोळसा जातो." वडिलांनी मला शिट्टी व्हायच्या कितीतरी आधी गाडीत चढवून बसवलं होतं. "गाडीमागं पळायची वेळ येऊ देऊ नये," ते म्हणाले. "पळतो तो चोर, नाहीतर त्याच्यामागचा शिपाई. भल्या माणसानं चालावं." माझी बायको सुमती मात्र मागं खांबापाशी उभी होती. ती येणार नव्हती.

आमची कंपनी शेतावरची तेलाची इंजिनं बनवायची आणि ती विकायला तिनं मला तमिळ मुलखात, कुंभकोणमला धाडलं होतं. "तिथं मी बोलू कुणाशी?" सुमतीनं विचारलं होतं. "मुकी होऊन बसू?" तिचंही खरंच होतं. सुमती म्हणजे कोथिंबिरीची जुडी आणायला जाऊन भाजीवालीच्या सुनेचं माहेर, सासर आणि बाळंतपण घेऊन परतणारी बाई. तिला परक्या भाषेच्या गावात नेणं म्हणजे मासा काठावर ठेवणं. आणि ती नाही म्हटल्यावर मलाही तिकडं करमणार नव्हतं, हे मी कुणाला बोललो नाही.

कुंभकोणमला मी सेतुरावांच्या घरी भाडेकरू झालो. त्यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राजांच्या पदरी होते. बाहेर ही माणसं तमिळ बोलत, घरात आपल्या पणजोबांच्या वेळचं मराठी. सेतुरावांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणत, पहिल्याच सकाळी कॉफीचा पेला पुढं करून म्हणाल्या, "तुम्हांस साखर किती लागते, तें सांगावें." मला वाटलं, बखरीतलंच कुणीतरी उठून स्वयंपाकघरात आलंय.

आता धावण्याचं. इन्नंबूरला एका शेतावर आमचं इंजिन दाखवायचं होतं. सगळा गाव बांधावर जमला. आमचं इंजिन हॅण्डल फिरवून सुरू करायचं असतं. मी फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मग चक्क बांधावर बसलो. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. चौतिसाव्या वर्षी पोट असं सुटलं होतं की इंजिनाऐवजी मलाच सुरू करायची पाळी आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, यापेक्षा बैल काय वाईट? सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत लाजेनं कान तापलेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे मी वडिलांची मनोमन क्षमा मागितली आणि धावायला लागलो.

पांढरं धोतर चिखलानं खराब होतं म्हणून बाजारातून एक पिवळी वेष्टी, म्हणजे कमरेला गुंडाळायचं धोतर, घेतली. उघड्या अंगानं, अनवाणी, स्वामीमलैच्या रस्त्याला लागलो. पहिल्या दिवशी नदीच्या पुलापर्यंतच जीव टिकला. पण लोक काय चांगले! गाडीवान बैलगाड्या बाजूला घेत. दारातल्या बाया तांब्या घेऊन येत आणि माझ्या पायांवर हळदीचं पाणी ओतत. कुणी ताक देई. मला वाटलं, परक्या मुलखात खेळाडूंची फार कदर दिसते.

"खेळाडू कसले!" अक्का हसून लोटपोट झाल्या. "पिवळें नेसून स्वामीमलैच्या देवाकडे धावतो, तो नवसाचा माणूस. पाय धुवूं नयेत, तर काय करावें?" मग आवाज हळू करून म्हणाल्या, "कुटुंब यावें म्हणूनच ना? लाजूं नका."

"अहो अक्का, मी कसलाही नवस बोललेलो नाही."

"तुम्ही बोलला नाहींत, मी बोलिलें. आतां धावा."

झालं! एक दिवस दांडी मारली तर आख्खी गल्ली विचारायला येई, बरं नाही का? आळसाला जागाच उरली नाही. पुलापाशी थांबणारे पाय हळूहळू स्वामीमलैच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन परत येऊ लागले. थोडं अंतर गेलं की छाती आपोआप मोकळी होते आणि मग डोक्यातलं ओझं कुठं गळून पडतं कळत नाही. मी मुळात घुमा माणूस, पण ताक घेताना दोन शब्द बोलायलाच हवेत. म्हणून तमिळ आलं, तमिळबरोबर माणसं आली. चोळपुरमला एका दमात हॅण्डल फिरवून इंजिन धडधडवलं, तेव्हा तो इन्नंबूरचा म्हातारा मुद्दाम बघायला आला होता.

सुमतीला मी पूर्वी पत्रातून नुसती जेवणातल्या चिंचेची तक्रार लिहायचो. आता पानंच्या पानं रस्त्यावरच्या माणसांनी भरू लागली. तिचं उत्तर आलं, "तुमच्यासारख्याशी एवढी माणसं बोलतात, तर माझ्याशी का नाही बोलणार? पंधरा दिवस येऊन बघते."

ती आली आणि गल्लीत साखर वाटली गेली. अक्कांनी आम्हाला स्वामीमलैला नेलं, वेष्टी देवापाशी ठेवली आणि म्हणाल्या, "नवस फिटला. आतां धावूं नये. देव म्हणेल, दिलें तरी मागतोच आहे." मी पहाटे जागा होऊन ओसरीवर चडफडत बसू लागलो. सुमती दिवसभर अक्कांशी बोले, बाकीच्यांशी हातवारे करी, आणि संध्याकाळी गप्प होई. पंधरा दिवस सरत आले. राहणार का, हे विचारायची माझी छाती होईना. एवढं धावून कमावलेली ती छाती!

शेवटच्या दिवशी तिनं ट्रंक पुढं ओढली, उघडली, आणि तशीच सोडून अक्कांकडे गेली. "अक्का, मला नवस बोलायचाय. इथं माझं मन लागू दे. पण मला काही धावता येत नाही. माझ्या वतीनं हे धावले तर चालेल?"

अक्का म्हणाल्या, "चालेल. मीही त्यांच्या वतीनेंच बोलिलें होतें."

मला तिथंच रडू आलं. दुसऱ्या दिवशी नवी वेष्टी आणली.

मिरजेच्या आपल्या गल्लीतून तुम्ही सगळे पत्रांतून अजून विचारता, परत कधी, इकडं जागा बघून ठेवू का? आणि तुमच्यापैकी जे मुंबई, नागपूर, कुठंकुठं गेलात, त्यांनाही घरचे हेच विचारत असतील. मला आई-वडिलांची आठवण अजून येते, खोटं सांगणार नाही. पण माझं घर आता स्वामीमलैच्या रस्त्याच्या या टोकाला आहे, जिथून निघतो आणि जिथं परत येतो. केस पिकले, मुलं आईशी तमिळमध्ये भांडतात आणि ती त्यांना तमिळमध्येच गप्प करते. बाजारात तिला ओळखतात, मला तिचा नवरा म्हणून ओळखतात. अक्का आता थकल्या आहेत, पण दर सणाला विचारतात, "काय गे सुमती, लागलें का मन?"

"छे हो अक्का, अजून कुठं!" सुमती म्हणते, आणि उद्याच्या पहाटेसाठी माझं ताक घुसळायला बसते.