समोरच्या बाजूचा टकला

गटातल्या मंडळींनो,

आत्ताच यशवंतपूरच्या मैदानावरून आलो. आमच्या कारखान्याच्या संघाचा खालच्या विभागातला फुटबॉल सामना होता.

बंगळूरला बदली झाल्यापासून मी प्रत्येक सामन्याला जातो. शेजारच्या कारखान्याशी गाठ असली की समोरच्या बाजूचा एक टकला गृहस्थ मला शोधून ओरडतो, “ए सोडाबुड्डी, घरी जा!” जाड चष्मेवाल्याला इथे असंच म्हणतात. मीही त्याच्या टकलावरून ओरडतो. ऑफिसबाहेर या शहरात मला ओळखणारा तो एकटाच.

आज तो दिसला नाही. मध्यंतरात मी त्यांच्या बाजूला गेलो. त्यांनी माझी हुर्यो उडवली.

“किसको ढूँढता है?” एकाने विचारलं.

नाव मला माहीतच नव्हतं. “वो, जो मुझे गाली देता है.”

“वो तो हम सब देंगे, बैठो सार!”

सगळे हसले आणि सरकून त्यांनी जागा दिली. थोड्या वेळाने आमच्या संघाने गोल केला. मी हात मांडीवरच ठेवले. समोर माझी नेहमीची जागा रिकामी दिसत होती. तिथून मला कोणी शोधत नव्हतं.

तुम्हाला असं नावाशिवाय ओळखणारं कोणी आहे का? असेल तर नाव विचारून ठेवा.