रुळावर ठेवलेलं बोट

आगगाड्यांच्या प्रदर्शनाला जायची मला अजिबात हौस नव्हती. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, लेकीच्या शाळेला रविवारची, त्यामुळं बापलेकीची गाठ पडते ती जेवणाच्या ताटावर. बायको म्हणाली, "एक रविवार रजा टाका आणि पोरीला कुठंतरी न्या, नाहीतर ती तुम्हाला काका म्हणायला लागेल." आमच्या घरात चिमटे असेच हसत हसत काढतात. निगडीला प्राधिकरणातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये हौशी मंडळींनी घरी बनवलेल्या छोट्या रेल्वेचं प्रदर्शन होतं. घरापासून दहा मिनिटं. म्हटलं, चला, तासाभरात परत येऊ आणि मी दुपारची झोप काढीन.

हॉलमध्ये लांबलचक टेबलं मांडलेली, त्यावर रूळ, बोगदे, पूल, हाताच्या पंजाएवढी इंजिनं. मांडणारे बहुतेक रिटायर झालेले इंजिनिअर. सगळ्यांच्या खिशाला पेन आणि सगळ्यांच्या टेबलावर एकच पाटी, 'हात लावू नये'. एका आजोबांनी तर माझ्या लेकीकडं असं पाहिलं की जणू ती इंजिन उचलून दप्तरातच टाकणार होती. माझं डोकं तिथंच तापलं. पोरांना बोलवायचं आणि पोरांवरच डोळे वटारायचे, मग बोलावता कशाला? पण लेकीनं माझा शर्ट ओढला. तिला माझा स्वभाव माहीत आहे.

गर्दी होती ती अगदी शेवटच्या टेबलाजवळ. तिथं काश्मीर नव्हतं की स्वित्झर्लंड नव्हतं. तिथं आमचं चाकण होतं. पुठ्ठ्याचे कंपनीचे शेड, त्यावर निळे पत्रे, कुरुळीच्या चाळी, दोऱ्यावर वाळत घातलेले नखाएवढे कपडे, हायवेवर एकामागं एक अडकलेले कंटेनर. आणि त्या कंटेनरच्या बाजूनं ऐटीत धावणारी आगगाडी. चाकणला रेल्वे नाही हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एक गृहस्थ म्हणाले, "राव, सरकारला जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलं." सगळे हसले. मीही हसलो. रोज त्या हायवेवर दीड तास घालवणारा माणूस हसणार नाही तर काय करणार?

टेबलामागचा माणूस खाली वाकून पोरांना सांगत होता, "हात लावा, हात लावल्याशिवाय कळत न्हाई. इथं फाटकापाशी रुळावर बोट ठेवा. गाडी आपोआप थांबती." आवाज ओळखीचा वाटला. चेहरा दिसण्याआधी मला त्याचा उजवा हात दिसला. त्या हाताला अंगठा होता, करंगळी होती, आणि मधली तीन बोटं नव्हती.

मागं फिरावं म्हणून वळलो, तर लेक पुढं घुसलेली. तिनं बोट रुळावर ठेवलेलं आणि गाडी वळणावरून तिच्याकडं येत होती. खेळण्यातली गाडी ती, आदळली असती तरी ओरखडा उठला नसता, हे मला काय कळत नव्हतं? पण मी ओरडलो. पोरीचा हात असा हिसडला की ती मागच्या बाईंवर जाऊन आपटली आणि रडायला लागली. गाडी फाटकाच्या बरीच अलीकडं आपली आपण थांबली होती.

"घाबरू नका, सेन्सर हाय," म्हणत त्यानं मान वर केली आणि मला पाहिलं. "साहेब? तुमी?"

"सेन्सरचा काय भरवसा," माझ्या तोंडून निघून गेलं.

"भरवसा असतो की साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशी बी सेन्सर चालूच होता. झोपलो तर मीच."

आता ते 'त्या दिवशी' सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वी मी चाकणजवळच्या एका कंपनीत प्रेस शॉपला सुपरवायझर होतो. प्रेस म्हणजे पत्रा दाबून आकार देणारं अवजड मशीन, त्यातून गाड्यांचे पार्ट निघायचे. हा लातूरकडचा, कुरुळीत खोली करून राहायचा, माझ्या शिफ्टचा सगळ्यात शांत ऑपरेटर. प्रेसच्या तोंडाशी डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा पडदा असतो. हात त्या पडद्यात गेला की प्रेस जागच्या जागी थांबतो, पायानं पेडल दाबलेलं असलं तरी. ऑपरेटर त्या पडद्याच्या जिवावर हात आत घालतो आणि पत्रा सरळ करतो. त्या दिवशी सकाळी पडद्याच्या काचेवर तेल उडत होतं आणि प्रेस दर दोन-चार पार्टांनी उगाच थांबत होता. काच पुसून पुसून आम्ही कंटाळलो. गेटवर ट्रक उभा, ऑफिसातून फोनवर फोन. पडदा बंद करायची एक किल्ली असते, ती माझ्या खिशात होती. मी ती फिरवली. असं मी पहिल्यांदा करत नव्हतो, आणि करणारा मी एकटाही नव्हतो. पण मी त्याला सांगितलं नाही. विसरलो असं म्हणणार नाही. सांगितलं असतं तर त्यानं मशीनवरून हात काढून घेतले असते आणि माल अडला असता, हे मला चांगलं माहीत होतं.

अर्ध्या तासानं त्यानं नेहमीसारखा हात आत घातला.

मी धावत गेलो. आणि लाज वाटते सांगायला, पण मी आधी किल्ली फिरवली, पडदा चालू केला, किल्ली खिशात टाकली. मग त्याच्याकडं वळलो. सेफ्टीचे लोक आले तेव्हा सगळं जिथल्या तिथं होतं. हॉस्पिटलात त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "साहेब, मला ताप होता हो. माझ्यापायी रात्रभर जागे होते ते." मला हे वाक्य आयतं मिळालं. मी ते रिपोर्टात घातलं. जागरणामुळं ऑपरेटरचा डोळा लागला, त्यानं पडदा चुकवून बाजूनं हात घातला. शुद्धीवर आल्यावर त्यालाही मीच समजावलं की बाबा, झोपेत असं होतं. त्याला धड काही आठवत नव्हतं. पडदा चालू असताना हातावर प्रेस खाली येत नाही एवढं त्याला पक्कं ठाऊक, तेव्हा चूक आपलीच, असं त्यानं मुकाट मान्य केलं. वर्षभरात मी ती कंपनी सोडली. नवीन कंपनीत मी शिस्तीचा सुपरवायझर म्हणून ओळखला जातो.

आता तो माझ्या लेकीचे डोळे पुसत होता. त्यानं तिच्या हातात गाडीचा कंट्रोल दिला, तिला स्टुलावर बसवलं आणि मला खुर्ची दिली. सांगत होता की आता चऱ्होलीला राहतो, एका गोडाऊनला स्टोअर सांभाळतो. डाव्या हाताला वळण लावायला म्हणून चिमट्यानं पुठ्ठ्याची घरं करायला लागला, त्यातून ह्या आजोबा लोकांची ओळख झाली. "लई खडूस हायेत, पण शिकवत्यात मन लावून," म्हणाला. सेन्सर मात्र त्यानं स्वतः बसवला होता. त्याच्यावर त्याचा फार जीव दिसला.

"घरी वहिनी कशा आहेत?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं.

"तीच एक काळजी हाय साहेब. त्या दिवसापासून ती आजारपण सांगतच न्हाई. तिच्या मनानं घेतलंय, तिनं मला जागवलं म्हणून माझी बोटं गेली. आता कितीबी दुखू द्या, तोंडाला कुलूप. मागच्या वर्षी डेंग्यू झाला. चार दिस तापात धुणीभांडी करत होती. चक्कर येऊन पडली तवा कळलं. डॉक्टर मला म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर अवघड होतं. आज हितं यायची होती. सकाळी म्हणाली, पाय दुखतोय, तुमी जावा. पाय दुखतोय का काय दुखतंय, कुणाला म्हाईत."

मला वाटत होतं की माझं पाप तीन बोटांचं आहे. सहा वर्षं मी तेवढंच धरून बसलो होतो आणि तेवढ्याची सवयही करून घेतली होती. ह्या बाईचा मी कधी विचारच केला नव्हता. तिचंच वाक्य उचलून मी तिच्या गळ्यात बांधलं होतं, आणि ती ते घेऊन तापात भांडी घासत होती.

मला तिथं धैर्य वगैरे काही आलं नाही. उठून जावं असंच वाटत होतं. पण लेक स्टुलावर बसून गाडी चालवत होती, तिला सोडून जाता येईना. आणि आत्ता ह्या क्षणी चऱ्होलीत कुणी तापानं फणफणत पडलं असेल तर, हे डोक्यातून जाईना. मी म्हणालो, "तुझा डोळा लागला नव्हता."

"काय?"

"पडदा बंद होता. मी बंद केला होता. तू काहीच चुकला नाहीस."

मी सगळं सांगितलं. तेल, ट्रक, किल्ली. आवाज खाली ठेवला होता, तरी लेकीनं मान वळवली. तिला दुसऱ्या टेबलाकडं पाठवावं असं मनात आलं. मग म्हटलं, राहू दे, ऐकू दे.

मी मनाची तयारी केली होती की आता शिवी येईल, कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. त्यानं फक्त एक विचारलं. "मी ओरडत होतो तवा, तुमी आधी माझ्याकडं आला का किल्लीकडं?"

"किल्लीकडं."

त्यानं मान हलवली. समोर उभ्या असलेल्या पोरांना म्हणाला, "दोन मिनिटं थांबा रे," आणि टेबलाचा स्विच बंद केला. डाव्या हातानं खिशातून फोन काढला. मी म्हणालो, "मला माफ कर." तो म्हणाला, "ते मागनं बघू. मला सांगून आता काय उपयोग? घरी हिला सांगा." नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

रिंग वाजत राहिली. ती उचलणार नाही, असं वाटून मला सुटल्यासारखं झालं, हेही कबूल करतो. मग तिचा आवाज आला, "हां, जेवलात का?"

"वहिनी, मी बोलतोय. जुन्या कंपनीतला सुपरवायझर."

मागच्या वेळी मी तिला फोन केला होता तो त्या दिवशीच. "काय झालं? ह्यांना काय झालं?"

"काही नाही झालं. ते माझ्यासमोर उभे आहेत, चांगले आहेत. मला तुम्हाला सांगायचंय..." आणि मी सांगितलं. त्याला सांगितलं होतं त्यापेक्षा साध्या शब्दांत, कारण तिला प्रेस, पडदा काही माहीत नव्हतं. मशीनमध्ये हात वाचवायची सोय असते, ती मी बंद केली होती आणि त्याला बोललो नव्हतो, एवढंच.

"म्हणजे ते झोपले नव्हते?"

"नव्हते."

"माझ्या तापाचं काही नव्हतं त्यात?"

"काही नव्हतं वहिनी. सगळं माझं होतं."

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं, पहिल्यापासून. तो हात टेबलावर टेकून माझ्या तोंडाकडं बघत होता. लेकही बघत होती. सांगून झाल्यावर त्याच्या बायकोनं मला माफ केलं नाही, शाप दिला नाही. जरा खोकली.

"ह्यांच्याकडं फोन द्या," म्हणाली. "मला काल संध्याकाळपासून ताप आहे. तेवढं त्यांना सांगते."