विहीणबाईंच्या खुणा

२०२३ साल होतं, माझं वय त्र्याहत्तर, आणि तोवर अणदुरात माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही अशी माझीच काय, गावाचीही खात्री होती. त्या साली आमच्या विहीणबाई सोनारीहून राहायला आल्या आणि माझा पहिला नंबर गेला. अशी हट्टी बाई सगळ्या धाराशिव जिल्ह्यात धुंडाळून सापडायची नाही. सापडलीच तर ती त्यांची सख्खी बहीण असणार. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. अंगानं काटकुळ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बोलणं असं की एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला उतरेपर्यंत सोनारीच्या भैरवनाथाची सगळी जत्रा आणि विहीणबाईंचं सगळं गुडघ्यांचं दुखणं तोंडपाठ व्हावं. अशा बाईची नात चौथं लागलं तरी एक शब्द बोलेना. आरू तिचं नाव. आमची एकुलती एक नात. हसायची, रुसायची, शेरडामागं पळायची, पण "आई" नाही की "आजा" नाही. काही हवं असलं की रडायची, आणि काय हवंय ते कुणाला कळलं नाही की भुईला डोकं आपटायची.

धाराशिवच्या डॉक्टरबाईंनी तिला तपासलं. कान चांगले आहेत, समज चांगली आहे, बोलणं तेवढं मागं राहिलंय, म्हणाल्या. तोंडानं बोलताना हातानं खूणही करा, चित्र दाखवा. पोरीला सांगायची वाट सापडली की शब्दालाही बळ येतं. पोरानं आणि सुनेनं माना हलवल्या. विहीणबाईंनी मान हलवली नाही, पदर खोचला.

मधे सोनारीला जाऊन दुसऱ्या खेपेला आल्या त्या पिशवीभर चित्रं घेऊन. बियाण्याच्या कॅलेंडरातला बैल, साबणाच्या वेष्टनातलं फूल, कुठल्या तरी लग्नपत्रिकेतला कलश, सगळं कापून साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. माठावर पाण्याचं चित्र, दारावर दाराचं, आणि माझ्या बाजेवर झोपलेल्या माणसाचं. "विहीणबाई, बाज मला ओळखू येती," मी म्हणालो. "तुमच्यासाठी न्हाय लावलं, पाव्हणं. तुमी तर न बघताच झोपताव," त्या म्हणाल्या. बोकडाच्या गळ्यात बोकडाचं चित्र बांधलं, ते बोकडानं खाऊन टाकलं. त्यांनी दुसरं बांधलं. तेही खाल्लं. तिसरं त्यांनी गोठ्याच्या आढ्याला टांगलं आणि बोकडाला दम भरला, "आता खा!"

मग खुणा सुरू झाल्या. पाणी म्हणताना अंगठा तोंडाकडं, भाकर म्हणताना दोन्ही तळहातांची थापटी, ये म्हणताना पंजानं बोलावणं. माणसांनाही खुणा. विहीणबाई म्हणजे कपाळाला बोट, आणि मी म्हणजे मिशीला पीळ. ही खूण गावात अशी पसरली की मी पारावर आलो की न्हाव्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळे मिशा पिळायचे. ज्यांना मिशी नव्हती तेसुद्धा. घरात तर कायदाच झाला. खूण केल्याशिवाय मोठ्या माणसाला काही मिळायचं नाही. मी चहाला बसलो की बाई कपबशी हातात धरून उभ्या. "खूण करा, पाव्हणं." मी म्हणालो, "डॉक्टरीणबाईंनी अडवून धराय सांगितलंय व्हय?" "पोरीला अडवू नका म्हणल्यात. तुमच्याबद्दल काय बोलल्या न्हाईत." मी उठलो आणि स्टँडवरच्या हॉटेलात चहा प्यायलो. महिनाभर तिथंच प्यायलो. हॉटेलवाला मला बघितला की मिशी पिळायचा.

एकदा आम्ही तुळजापूरला निघालो तेव्हा गाडीत आरूला मांडीवर घेऊन बाई खुणा करत होत्या. गर्दी लई, आवाज लई, म्हणून त्या वेळी नुसते हात चालले होते. कंडक्टरला वाटलं बाई मुकी आहे. बिचाऱ्यानं एका तरण्याला उठवून जागा करून दिली, तिकिटालाही खुणेनंच विचारलं. तेव्हा बाईंनी तोंड उघडलं ते तुळजापूर आल्यावरच मिटलं. उतरताना कंडक्टर मला म्हणाला, "आजोबा, मघाचंच बरं होतं."

माझा ह्या सगळ्याला विरोध होता आणि तो मी लपवला नाही. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण आयुष्य शेरडामेंढरांच्या बाजारात गेलं; माणूस मला कळतो. हात बोलायला लागला की जीभ आळशी होते, पोरगी कायमची मुकी राहील, असं मी एक दिवस सगळ्यांदेखत सुनावलं. विहीणबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पाव्हणं, बाजारात टावेलाखाली बोटं दाबून तुमी जल्मभर सौदं केलाव. बोटाबोटांत भाव ठरायचा, भोवतीच्या माणसाला कळायचाबी न्हाय. तुमची जीभ आळशी झाली का? अख्ख्या अणदूरला पुरून उरलीया ती."

सूनबाई तोंडाला पदर लावून आत पळाली. पण एवढ्यानं माघार घेणारा मी नव्हे. मी म्हणालो, "माझे हात माझ्यापाशीच राहतील."

विहीणबाईंनी तवा उतरवला. "मग ऐका. पोरगी खूण शिकती ती माणसांचं बघून. आई करती, बाप करतो, मी करती. आन् दिवसभर ज्याच्या मागं पोरगी फिरती तो आजा हात बांधून बसतो. तिला वाटतं, हे करण्याजोगं काम न्हाय. तुमी हात सोडस्तवर माझं हितं काय काम न्हाय." त्याच दुपारच्या गाडीनं त्या गेल्या. सूनबाई रडली, पोरगा माझ्याकडं बघत राहिला. मी अडवलं नाही. आमच्यात मुलाच्या बापानं सुनेच्या माहेरच्यांपुढं पडतं घेतलेलं कुणी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. आरू आली. कपाळाला बोट लावलं आणि रस्त्याकडं बघून पंजानं बोलावलं. मला कळलं. न कळायला मी काय खुळा आहे? पण मी रस्त्याकडंच बघत राहिलो. तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवलं आणि पुन्हा तेच केलं. मी वाट बघत होतो की आता ही डोकं आपटणार, नेहमीसारखी. नाही आपटलं. कपाळाला बोट लावलं, पंजा हलवला, ओठ ताणले आणि म्हणाली, "ये."

आत ताट पडल्याचा आवाज आला. सूनबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली, पण पुढं यायला धजेना. पोरीनं पुन्हा म्हटलं, "ये." सगळं घर ज्या शब्दासाठी कान लावून बसलं होतं तो आला, आणि तो ऐकायला जिनं एवढा आटापिटा केला ती बाई तेवढी घरात नव्हती. मला तो गोड लागला, पण दुसऱ्याच्या पानातला घास उचलल्यासारखा लागला. आरू माझ्याकडं बघत उत्तराची वाट बघत होती. अंधार पडायला लागला होता. मी कपाळाला बोट लावलं. पहिल्यांदा ते डोळ्याकडंच गेलं, मग जागेवर आलं. पोरगी हसली. "उद्या," मी म्हणालो. उद्याची खूण मला येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुवट धोतर नेसलो, पटका बांधला, आरूला कडेवर घेतलं आणि कुणाचं बोलावणं नसताना सोनारीची वाट धरली.