माझ्या साडीतली मॅनेक्विन

आमच्या घरी आलेल्या पाहुणीला 'बसा' म्हणायची सोय न्हवती, कारण तिचं गुडघंच वाकत न्हवतं.

आमचं घर वडगावात. मागल्या खोलीत माग, आणि पुढल्या खोलीत आपणच साड्या विकायच्या असं आमच्या ह्यांच्या मनात आलं. (मनात आलं की झालंच! बायकोला कोण इचारतंय?) एक दिवस खडेबाजारातलं एक दुकान बंद व्हायलंतं, तिथनं हे एक बाई घेऊन आले. मोटारसायकलवर, ह्यांच्या पाठीला दोरीनं उभीच बांधून! अंगावर पोतं, एक हात ह्यांच्या खांद्यावर. सगळी गल्ली दारात.

शेजारची गंगाक्का माझ्याकडं बघून म्हटली, "अगं बाई, दुसरी आणली ती आणली, दोरीनं बांधून आणली की गं!"

हे तिला आत घेणार, तवर आत्यांनी (म्हंजे माझ्या सासूनं) आडवा हात धरला. "थांब रं! बाई उंबऱ्यात आलीया."

"आई, प्लास्टिकची हाय ती!" माझी नणंद सुमी ओरडली.

"असंना. आकार बाईचा हाय न्हवं? मोकळ्या कपाळानं आत न्हाय यायची."

झालं! भाकरतुकडा ओवाळून टाकला, हळदीकुंकू लावलं, आणि पदर न्हाय म्हणून पोत्यातच ओटी भरली. तांदूळ सगळं खाली. माझ्या लग्नात एवढं झालं न्हवतं.

सुमी कॉलेजात इंग्रजी शिकती. ती म्हटली, "वैनी, हिला मॅनेक्विन म्हणतात. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडनं घेतला, फ्रेंचांनी डच लोकांकडनं. मूळचा अर्थ छोटा माणूस."

मी निपाणीची. आईसंगं विड्या वळता वळता माझी शाळा सुटली. तरी मी इचारलं, "मग ही बाई कशी झाली?"

"अगं, पैलं चित्रं काढणाऱ्यांच्या लाकडी बाहुलीला म्हणायचे. मग गिऱ्हाइकापुढं कापडं नेसून चालून दाखवणाऱ्या जित्या बायकांना म्हणाय लागले. आता परत बाहुलीला म्हणतात."

मी म्हटलं, "म्हंजे आधी बाहुली, मग जिती बाई, मग परत बाहुली? मग त्या जित्या बाया गेल्या कुठं?"

"ते पुस्तकात न्हाय," सुमी म्हटली आणि गेली निघून. शिकलेली माणसं अशीच, भुताला आणून सोडतात आणि आपण जाऊन झोपतात!

दिवसा ठीक होतं. विकायची साडी नेसून ती दारात उभी ऱ्हायची. पण दिवेलागणीला आत्या ती साडी उतरवून घडी घालायच्या, मागाची रुवं, सुताची बारीक तुसं, बसतात म्हणून. आणि तिन्हीसांजंला बाईला उघडं ठेवायचं न्हाय, म्हणून माझी जुनी हिरवी साडी तिला नेसवायच्या, आणि कुंकू माझ्याकडनं लावून घ्यायच्या. माझी! रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातनं वाकून बघावं तर पुढल्या खोलीत मीच उभी!

त्यात आणि तिचं कुंकू सकाळी फिसकटलेलं दिसाय लागलं. निऱ्या सुटलेल्या. एकदा तिच्या हातात अर्धी चपाती. मी ह्यांना म्हटलं, "अहो, ती जेवाय लागलीया."

"मग एक भाकरी जास्त कर," हे म्हटले. असला नवरा!

माझा जीव लेकीत अडकला होता. चिन्नी तवा अडीच वर्साची. मागांच्या खडखडाटातच वाढली, त्यामुळं तिला आवाजाचं भ्या न्हाय, शांततेचं भ्या! करंट गेला, माग थांबले की पोर कुठनं बी पळत येऊन माझ्या निऱ्यांत घुसणार. सुमीचं बोलणं ऐकल्यापास्नं मला एकच वाटायचं, त्या उभ्या बाईला आता चालायचं आसंल, आणि चालली तर माझ्या पोरीला घेऊन जाईल.

आणि एका संध्याकाळी करंट गेला.

माग थांबले. आमच्या गल्लीत माग थांबले की कान फुटल्यासारखं हुतं. मी तव्यावरची भाकरी सोडून उभी ऱ्हायले, आता येईल चिन्नी, आता येईल.

आली न्हाय.

"चिन्ने! ए चिन्ने!" मी परसात पळाले, मागाच्या खोलीत पळाले, गल्लीत जाऊन आले. न्हाय. परत पुढल्या खोलीत आले, तर काय! अंधारात माझी हिरवी साडी उभी होती, आणि साडीचं पोट हालत होतं. खालीवर, खालीवर. श्वास घेतल्यागत.

"माझी पोर दे गं," मी म्हटलं. "दे की गं बाई, मी तुला रोज कुंकू लावलंय!"

पोट आणखीनच हाललं. मी डोळं मिटलं, कोपऱ्यातला मागाचा लाकडी धोटा उचलला आणि दिला ठेवून! मुंडकं उडालं, गरगरत दारातनं भाईर गेलं, ते थेट गंगाक्काच्या पायात. "अय्यो देवरे!" गंगाक्का किंचाळली. आणि इकडं बिनमुंडक्याची बाई बारीक आवाजात म्हटली,

"आई, मी हितं हाय."

मी खालीच बसले.

आत्या दिवा घेऊन आल्या, तर निऱ्यांतनं चिन्नी भाईर. तोंडभर कुंकू, हातात चपाती. करंट गेल्यावर पोर आईच्या साडीत घुसायला आलती; आईची साडी, आईचा वास, घुसली. रोज तिथंच खेळायची, त्या बाईला चपाती भरवायची, गालाला गाल लावायची. मी चार दिशांना बोंबलत पळत होते, आणि ती बाई मातर पोरीला धरून जागची हालली न्हवती!

चिन्नीला छातीशी धरून मी लई रडले. आत्यांनी मुंडक्याला परत कुंकू लावलं, पण मुंडकं काय धडावर बसंना. ह्यांनी एकदा धडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि म्हटले, "आता साड्या कशावर दाखवायच्या?"

सुमी हसाय लागली. "वैनी, शब्दाचा मधला अर्थ हाय की अजून!"

तवापास्नं रोज नवी साडी नेसून दारात मी उभी. परवा निपाणीहून एक बाई गिऱ्हाईक आली, तिच्या पोरानं बाहुली समजून माझ्या पोटात बोट घातलं. मागाची रुवं नाकात गेलेली, मी शिंकले. पोरगं किंचाळत रस्त्यावर. गिऱ्हाईक त्याच्या मागं. आत्यांनी मीठमिरची आणली, आणि त्या पोरावरनं सोडून माझ्यावरनंच उतरून टाकली!